कडेला लिहिलेलं

घारपुरे सरांनी वही मिटली, चष्मा काढला आणि टेबलावर ठेवला.

आमच्या वर्गात या गोष्टीला मोठा अर्थ होता. निबंध मनापासून आवडला तरच सर चष्मा काढून ठेवत. तीन वर्षांत माझ्यासाठी त्यांनी तो दोनदा काढला होता आणि दोन्ही तारखा मला पाठ होत्या. मराठी विशेषच्या आम्हा सात जणांमध्ये तो मान आणखी कुणाला मिळाला नव्हता. मी मान खाली घालून, ओठ दाबून, नम्र चेहऱ्याची तयारी करून बसले.

"कौसल्या आवटे, उभी राहा," सर म्हणाले.

माझा नम्र चेहरा तसाच राहिला. त्याचं आता काय करायचं ते मला कळेना.

शेवटच्या बाकावरून कौसल्या उठली. खळीचे पांढरे डाग पडलेली ओढणी तिनं मागे सारली.

"हे तुला कुणी सांगितलं?" सरांनी वहीवर बोट ठेवलं.

"कुणी नाही सर. मी मोजलं."

"काय मोजलंस?"

"ती मोळीवाली. कादंबरीत सतरा वेळा येते ती. एकदाही तिला नाव नाही."

गोष्ट १९८३ सालची. कृष्णाकाठच्या आमच्या तालुक्याच्या गावात लोकहितवर्धक वाचनालयाची शताब्दी होती. वाचनालयाच्या संस्थापकांपैकी एका मामलेदारांनी नव्वद वर्षांपूर्वी एक कादंबरी लिहिली होती, 'सुबोधिनी अथवा नवे पाऊल'. एक वकील समाजाशी भांडून बालविधवेशी लग्न करतो आणि तिला लिहायला-वाचायला शिकवतो, अशी कथा. आमच्या गावाला या पुस्तकाचा केवढा अभिमान! वाचलेलं फार थोड्यांनी होतं, पण अभिमानाला वाचायची गरज पडत नाही. शताब्दीनिमित्त कादंबरीवर निबंधस्पर्धा होती. सर एक निबंध निवडणार, तो समारंभात वाचला जाणार, आणि वाचणाऱ्याला शताब्दी शिष्यवृत्ती मिळणार. कोल्हापूरला दोन वर्षं एम.ए. करायची सोय.

माझे वडील वाचनालयाचे कार्यवाह. मी वाचनालयात रांगले, तिथंच बाराखडी शिकले. हा निबंध म्हणजे माझ्या घरचं कार्य आहे, असंच मी धरून चालले होते. चौदा पानं लिहिली होती. शीर्षक होतं 'सुबोधिनी : स्त्रीमुक्तीचा अरुणोदय'.

सरांनी चष्मा परत चढवला आणि कौसल्येची वही उघडून आम्हाला वाचून दाखवली. "मोळीवाली रोज पहाटे मागच्या दारी मोळी टाकते. लेखकाने तिच्या डोक्यावरची लाकडे वर्णिली आहेत, ती ओली की सुकी हेही सांगितले आहे. सुबोधिनी विहिरीत उडी घ्यायला निघते तेव्हा 'कोणीतरी' तिचा पदर धरून मागे ओढते. ते कोणीतरी म्हणजे मोळीवाली. पुढच्या ओळीत वकीलसाहेब येतात आणि सुबोधिनीला वाचवल्याचे श्रेय त्यांना मिळते. मोळीवालीला एक जुने लुगडे मिळते. लेखक वाईट नव्हता. त्याच्या काळातला तो फार चांगला माणूस होता. म्हणूनच कळते, की त्या काळातल्या चांगल्या माणसालाही काय दिसत नव्हते. पुस्तक म्हणजे त्या काळाचे घर. दिवाणखाना लेखकाने हौसेने दाखवला. मागचे दार त्याच्या नकळत उघडे राहिले."

सर थांबले. खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मी हे पुस्तक अठ्ठावीस वर्षं शिकवतोय. मला ते दार दिसलं नाही."

आणि मला? मला नाकाला मिरच्या झोंबल्यासारखं झालं. कारण मागच्या दाराचं ते वाक्य ऐकताक्षणी मला कळलं, की हे खरं आहे, हे चांगलं आहे, आणि हे मला सात जन्मांत सुचलं नसतं. वाईट निबंधाचा हेवा कोण करतं?

कौसल्येबद्दल थोडं सांगायला हवं. तिचा बाप लहानपणीच गेला होता. आई आणि ती मामाकडे राहायच्या. मामा बाइंडर. वाचनालयाच्या मागच्या पडवीत त्यांचं बस्तान होतं. पुस्तकं आवळायचा लाकडी शिकंजा, खळीचं पातेलं, पुठ्ठे, सुया-दोरे आणि कडा कापायची भली मोठी धारदार सुरी. कौसल्या कॉलेज सुटलं की तिथं जाऊन पुस्तकांचे फॉर्मे, म्हणजे छापील पानांच्या घड्या, शिवत बसे. सगळं गाव त्यांना बाइंडरमामा म्हणायचं. कौसल्या मामा म्हणायची कारण ते तिचे मामा होते. आम्ही मामा म्हणायचो कारण कामाच्या वयस्क माणसाला आपल्याकडे मामाच म्हणतात.

वर्ग सुटल्यावर ती माझ्याकडेच आली. याचा मला जास्तच राग आला. जिंकलेल्या माणसानं जरा लांब राहावं की नाही?

"वृंदा, तुला एक दाखवायचंय. कुणालाच दाखवलं नाही अजून. चल."

पडवीत फाटक्या पुस्तकांचा गठ्ठा होता. त्यातून तिनं एक जीर्ण प्रत काढली. 'सुबोधिनी'ची पहिली आवृत्ती. पुठ्ठा गेलेला, पानं सुटत आलेली. आम्ही सगळे नवी छापील आवृत्ती वाचायचो, ही कुणी उघडलीच नव्हती.

"पान एकोणीस बघ."

मोळीवाली पहिल्यांदा येते ते पान. समासात, अगदी कडेला, पेन्सिलीचं बारीक, पुसट, जुन्या वळणाचं अक्षर होतं.

*हिचे नाव काय?*

"आता चौतीस," कौसल्या म्हणाली.

*हिचे नाव काय?*

मग एक्कावन्न, मग साठ. जिथं जिथं मोळीवाली, तिथं तिथं कडेला तोच प्रश्न. सतरा वेळा. विहिरीच्या पानावर मात्र दोन ओळी होत्या. *हिचे नाव काय? पदर हिनेच धरला.*

मी त्या ओळीवरून हळूच बोट फिरवलं.

"कुणी लिहिलं असेल गं?"

"मामा सांगतो, पूर्वी बायका वाचनालयात यायच्या नाहीत. शिपाई पिशवीत पुस्तकं घालून घरोघर न्यायचा. तसलीच कुणीतरी. पुस्तकात लिहायचं नसतं, म्हणून पेन्सिलीनं, कडेला लिहिलं असेल." ती हसली. "मी मोजलं असं सरांना सांगितलं, पण खरं मोजलं हिनं. मी नुसती हिच्या मागून गेले. निबंधाच्या शेवटी हे लिहायचंय मला, सरांना अजून सांगितलं नाही. त्यांना पुस्तक दाखवलं तरी मोतीबिंदूमुळं पेन्सिल दिसायची नाही. माझा निबंध निवडला, तर कार्यक्रमात पुस्तकच टेबलावर ठेवू, अध्यक्षांना दाखवू."

"मग आत्ताच बांधून का घेत नाहीस?"

"कार्यक्रम होऊ दे. मग मामाला समोर बसवून, कडा न कापता नुसतं शिवून घेईन. तोवर तुझ्या बाबांच्या कपाटात ठेवतेस? इथं पडवीत उंदीर लई झालेत."

तिनं पुस्तक माझ्या हातात दिलं. असा विश्वास कुणी टाकला की माणसानं सुधारावं. मी घरी जाताना वाटभर एकच विचार करत होते. नव्वद वर्षांपूर्वीच्या त्या कुणा बाईनं पेन्सिल उचलली ती माझ्यासाठी का नाही? या वाचनालयात मी लहानाची मोठी झाले, त्या गठ्ठ्यावर बसून मी गोट्या खेळले, आणि पुस्तक सापडावं ते हिला! फॉर्मे शिवणारीला! हा शब्द माझ्या मनात असाच आला. आज तो लिहिताना लाज वाटते, पण आला तो असाच.

दोन दिवसांनी सरांनी निकाल सांगितला. कौसल्येचा निबंध पहिला. "वृंदाचाही चांगला आहे, वेळ उरला तर वाचू," असं म्हणाले. 'वेळ उरला तर' हे तीन शब्द मी त्या आठवड्यात किती वेळा चघळले असतील त्याला गणती नाही. आई पोळ्या लाटताना म्हणाली, "त्या पोरीचं कल्याण झालं हो. नाहीतर खळच ढवळत बसली असती जन्मभर." मला वाटलं, घरातलीसुद्धा तिच्याच बाजूची! शिष्यवृत्तीची मला गरज नव्हती. बाबा मला कोल्हापूरला पाठवणारच होते. मला हवा होता तो टेबलावर ठेवलेला चष्मा.

कार्यक्रमाला पाच दिवस उरले होते. संध्याकाळी बाबा चहा पिता पिता म्हणाले, "वृंदे, ती पहिली आवृत्ती कपाटात आहे ना? स्टेजवर ठेवायची तर अगदी लक्तरं झालीत तिची. अध्यक्ष पुण्याहून येताहेत. मामांकडून जरा नीट बांधून आण की. लाल कापडात घ्या म्हणावं."

त्यांच्या बोलण्यात काही वावगं नव्हतं. मी फक्त "हो" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी कौसल्या कॉलेजात निबंधाची स्वच्छ प्रत करत बसली होती; कार्यक्रम होईपर्यंत मामांनी तिला पडवीतल्या कामातून सुट्टी दिली होती. मी पडवीत गेले. मामा एकटेच होते. बुटके, अंगात बंडी, बोटांना कायमची चिकटलेली खळ. त्यांनी पुस्तक हातात घेतलं, पानांवरून अंगठा फिरवला.

"लई जुनं हाय बाई हे. कागद अजून चिवट हाय पर. शिवतो दोन दिसांत. कडा कापू का तशाच ठेवू?"

मी खळीच्या पातेल्याकडे बघत राहिले.

त्यांनी मध्येच एक पान उघडून डोळ्यांजवळ नेलं. "कडंला पेनशिलीनं कायबाय लिवलंय कुणी. अक्षर आमच्या पोरीला कळतं, आमाला नुसता कागद कळतो. कामाचं हाय का ते?"

सांगते ते खरं सांगते. तोपर्यंत मी काही ठरवलं नव्हतं. पुस्तक तसंच परत घेऊन जाता आलं असतं. "कामाचं आहे, कापू नका," एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

"कुणीतरी पुस्तक घाण केलंय, मामा," मी म्हणाले. "नियम आहे ना आपला, पुस्तकात लिहू नये. काढून टाका. चांगलं आतपर्यंत कापा, स्वच्छ दिसलं पाहिजे."

"बरं. आरशावानी करतो."

मामांनी काम अंगावर घेतलं की ते मन लावून करत. पुस्तक तिसऱ्या दिवशी आलं. लाल कापड, नवा पुठ्ठा, तिन्ही कडा सुरीनं एकसारख्या कापलेल्या. मी पान एकोणीस उघडलं. मजकुराच्या शेजारी बोटभर पांढरा कागद आणि लगेच कड. पान चौतीस, एक्कावन्न, साठ, सगळीकडे तेच. मला हायसं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. पुस्तक गुंडाळून मी कपाटात ठेवलं आणि किल्ली बाबांना दिली.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी कौसल्येनं विचारलं, "पुस्तक ठीक आहे ना गं?"

"बाबांच्या कपाटात आहे," मी म्हणाले. त्यात खोटं काही नव्हतं, म्हणून ते जास्त सहज निघालं.

समारंभ सकाळी दहाचा. वाचनालयाचं सभागृह भरलं होतं. मागच्या दाराशी बाइंडरमामा धुतलेला सदरा आणि नवी टोपी घालून उभे होते. खुर्ची रिकामी होती, पण ते बसले नाहीत. टेबलावर फुलांच्या शेजारी लाल पुस्तक होतं. लांबूनही त्यांची नजर त्यावरून हटत नव्हती. पुढच्या रांगेत सर होते आणि त्यांच्या शेजारी मी.

कौसल्या बोलायला उभी राहिली तेव्हा तिचा आवाज सुरुवातीला कापत होता, मग सुटला. निबंध वाचून झाला. शेवटी ती म्हणाली, "पण हा प्रश्न माझा नाही. या वाचनालयाच्या कुणा वाचक बाईनं तो माझ्याआधी विचारलाय, पहिल्या आवृत्तीच्या समासात, सतरा वेळा. ते पुस्तक इथं टेबलावर आहे."

टाळ्या पडल्या. अध्यक्ष पुण्याचे जुने संशोधक होते, पुराव्याशिवाय पाऊल न टाकणारे. त्यांनी पुस्तक ओढून घेतलं. माइक बाजूला सारून, खालच्या आवाजात विचारलं, "कोणतं पान म्हणालात?"

"एकोणीस."

त्यांनी पान उघडलं. पाहिलं. पुढची पानं पाहिली. "इथं तर काही नाही."

कौसल्या टेबलाजवळ गेली. तिनं पुस्तक हातात घेतलं आणि पान बघायच्या आधी कडेवरून अंगठा फिरवला, जसे मामा फिरवतात अगदी तसा. तेवढ्यात तिला सगळं कळलं. मला ते तिच्या पाठीवरूनसुद्धा दिसलं.

"आणखी कुणी पाहिलंय हे?" अध्यक्षांनी विचारलं.

कौसल्या वळली. तिनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. नुसती वाट बघत होती. सरही माझ्याकडे वळले, त्यांच्या डोळ्यांना मी धूसरच दिसत असणार. मी मांडीवरच्या माझ्या चौदा पानांच्या कोपऱ्याची घडी घातली, उलगडली, परत घातली.

मग तिनं सभागृहाच्या मागच्या दाराकडे बघितलं. तिथं मामा उभे होते. त्यांना कमी ऐकू यायचं, इतक्या लांबून निबंधातलं किंवा आताचं काहीच त्यांच्या कानावर गेलं नव्हतं. त्यांना एवढंच दिसत होतं, की आपली पोरगी आपण बांधलेलं पुस्तक हातात घेऊन थोरामोठ्यांत उभी आहे. ते हसत होते.

"नाही," कौसल्या म्हणाली. "माझी काहीतरी चूक झाली असेल सर."

"चूक? सतरा वेळा?" अध्यक्ष कडवट हसले. "निबंध चांगला आहे बाळ, पण दाखला बनवून आणायचा नसतो."

तिनं मान हलवली, पुस्तक सरळ करून फुलांशेजारी ठेवलं आणि खाली उतरली. वेळ उरला होता. माझा निबंध वाचला गेला. शिष्यवृत्ती मला मिळाली. सरांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला, पण चष्मा डोळ्यांवरच होता.

बाहेर पडताना मामा आडवे आले. "बाई, पुस्तक बेस झालं न्हवं? कौसी जरा घाबरली स्टेजवर, काय? सवय न्हाई तिला."

"हो मामा," मी म्हणाले. "बेस झालं."

कौसल्येनं मला कधीच काही विचारलं नाही. परीक्षा दिली, डी.एड.ला गेली, जिल्हा परिषदेच्या शाळेत लागली. मी एम.ए. झाले, पीएच.डी. झाले, प्राध्यापक झाले. वर्षानुवर्षं वर्गात ते पुस्तक शिकवलं. आणि एक सांगते, माझा मत्सर शिष्यवृत्ती मिळाल्यावर संपला नाही. उलट वाढला. दरवर्षी वर्गात मी मोळीवालीपाशी आले की कौसल्येचंच वाक्य तोंडात येई, पोरं माना डोलवत, आणि मला वाटे, हे माझं का नाही? हळूहळू मी ते माझंच म्हणायला लागले. आपलं म्हणत राहिलं की वस्तू आपली होते, निदान तसं वाटायला लागतं.

निवृत्तीनंतर मी 'सुबोधिनी'ची नवी, टिपांसह आवृत्ती काढली. चाळीस पानांची प्रस्तावना लिहिली, 'नाव नसलेली माणसं'. त्यात मोळीवाली होती, मागचं दार होतं, सगळं होतं. वर्तमानपत्रांनी कौतुक केलं. एकानं लिहिलं, जुनं साहित्य त्याच्या काळाबद्दल काय बोलतं यापेक्षा काय बोलत नाही ते बघायला लेखिकेनं शिकवलं. ऋणनिर्देशात मी सगळ्यांचे आभार मानले. वडिलांचे, घारपुरे सरांचे, अध्यक्षांचे, टंकलेखन करणाऱ्या मुलीचे. शेवटी मोठ्या मनानं एक ओळ घातली : "आणि ज्यांनी या ग्रंथाची पहिली आवृत्ती जिव्हाळ्याने बांधली ते आमच्या वाचनालयाचे बाइंडरमामा."

दीड महिन्यानं टपालानं एक पाकीट आलं. आत माझंच पुस्तक. पत्र नव्हतं, पाठवणाऱ्याचा नुसता पत्ता होता. ऋणनिर्देशाच्या पानात खूण घातलेली. समासात, बाइंडरमामांच्या ओळीसमोर, पेन्सिलीनं लिहिलं होतं :

*यांचे नाव काय?*

मला त्यांचं नाव ठाऊक नव्हतं. बावीस वर्षं त्या गावात राहिले, रोज त्यांना बघितलं, त्यांच्या हातून ते करवून घेतलं, आणि मला त्यांचं नाव ठाऊक नव्हतं. मी वाचनालयाला फोन केला. नव्या ग्रंथपालानं जुन्या वह्या बघितल्या. म्हणाला, "सगळीकडे 'बाइंडर' एवढंच आहे मॅडम." हयात असलेल्या दोन जुन्या पदाधिकाऱ्यांना विचारलं. एक म्हणाले, "अहो, मामाच ते!" दुसरे म्हणाले, "नाव? नाव असणारच की काहीतरी."

शेवटी पाकिटावरच्या पत्त्यावर गेले. विट्याजवळचं खेडं, दारात शेवग्याचं झाड. कौसल्येनंच दार उघडलं. केस पांढरे झाले होते. तिनं मला ओळखलं आणि आत येऊन बसायला सांगितलं. पाणी दिलं.

"नाव विचारायला आले," मी म्हणाले.

"एकेचाळीस वर्षं लागली."

"हो."

"सांगते. आधी तू सांग. ते पुस्तक त्याच्याकडं कुणी दिलं?"

"मी."

"कडा कापा म्हणून कुणी सांगितलं?"

"मीच. मला तुझा हेवा वाटत होता, कौसल्या. खरं सांगायचं तर अजून वाटतो."

"ठाऊक होतं मला. तुझ्या तोंडून ऐकायचं होतं." ती उठली, कपाटातून एक चपटा पत्र्याचा डबा काढला आणि माझ्या मांडीवर ठेवला. आत कागदाच्या पिवळट पट्ट्या होत्या, बोटभर रुंदीच्या. एकेकीवर पुसट पेन्सिल होती. *हिचे नाव काय?*

मी एक पट्टी उचलून उजेडाकडे धरली.

"कातरण मामा पोत्यात भरून ठेवायचा, खळीच्या चुलीला घालायला. समारंभाच्या दिवशी दुपारीच जाऊन पोतं उपसलं. अकरा सापडल्या. सहा जळाल्या होत्या."

"अगं, मग तेव्हाच दाखवायच्या ना! सरांना, अध्यक्षांना..."

"आणि कुणी कापल्या म्हणून सांगू? आपल्या हातानं पोरीचं नशीब कापलं असं कळलं असतं तर सुरी हातात धरली असती का त्यानं परत? मरेपर्यंत त्याला वाटत होतं, पोरगी स्टेजवर घाबरली." तिनं डब्यातल्या पट्ट्या सारख्या केल्या. "ते लाल पुस्तक त्याच्या हातचं सगळ्यात चांगलं काम. येईल त्याला सांगायचा, अध्यक्षांच्या टेबलावर होतं म्हणून."

मला रडू आलं. तिनं मला रडू दिलं, समजूत घातली नाही. मग माझ्या पिशवीतून डोकावणारं पुस्तक तिनं स्वतःच काढलं, ऋणनिर्देशाचं पान उघडलं आणि आपली पेन्सिल माझ्या हातात ठेवली.

"लिही. दौलत. दौलत रामा काळगे."

तिच्या प्रश्नाच्या खाली, पानाच्या अगदी कडेला, मी 'दौ' लिहिलं.

"तिथं नको," कौसल्या म्हणाली. "आत सरकून लिही. कडेला लिहिलेलं बांधणीत जातं."